पडद्याची सरळ बाजू

मी हिवरखेड सोडलं त्या सकाळी बा माझी पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन पुढे चालत होता आणि माय मागून, हातात भाकरीचं फडकं धरून. अकोटची मोटार शाळेपाशी उभी राहायची. अमरावतीला मास्तरणीच्या ट्रेनिंगला निघालेली आमच्या वस्तीतली मी पहिलीच पोरगी, त्यामुळे पोचवायला अर्धी वस्ती लोटली होती आणि जो तो उपदेश करून राहिला होता. अभ्यास करजो, कोणाच्या नादी लागू नोको, तब्येत सांभाळजो, पत्र टाकजो. बा नुसताच ट्रंकेवर थापा मारत होता. मोटार सुरू झाली तशी मायनं खिडकीच्या गजातून हात घालून माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "तेथी सिनेमे लय असतात म्हणते. पायजो. अन् आल्यावर सांगजो. अर्धा नोको सांगू."

पोचवायला आलेल्या बाया फिदीफिदी हसल्या. एकजण तर म्हणाली, "लेक शिकाले चालली का सिनेमे पायाले?" मायनं तिच्याकडे पाहिलंही नाही. मी अकोट येईपर्यंत रडले, अकोल्यापर्यंत नाक पुसत राहिले, आणि बडनेऱ्याला गाडी बदलताना ठरवून टाकलं की आता रडणं बंद. आता डोळे उघडे ठेवून सगळं पाहायचं.

हे मी तुमच्यासाठी लिहितेय, हिवरखेडात राहिलेल्या माझ्या बायांनो, आणि माझ्यासारख्या ट्रंक घेऊन निघालेल्यांसाठी. पोटापाण्याचं आणि शिक्षणाचं लिहिणारे पुष्कळ आहेत. मी सिनेमाबद्दल लिहिणार. ज्यांना तो थिल्लरपणा वाटतो त्यांनी इथंच थांबावं, माझी काही तक्रार नाही.

आधी मायचं सांगते. हिवाळ्यात गावात सिनेमाचा तंबू यायचा. धम्मदीक्षेच्या आधीच्या काळात त्या तंबूत आमच्या लोकांना पडद्याच्या मागे बसवत. पुढे गाव, मागे आम्ही, मध्ये पडदा. चित्र मागूनही दिसायचं, पण उलटं. अक्षरं उलटी, रस्ते उलटे, आणि सगळे नट डाव्या हातानं तलवार चालवायचे. मला कितीतरी वर्षं वाटत होतं की सिनेमात काम करायला माणूस डावखोराच लागतो. वस्तीतल्या एका डावखोऱ्या पोराला आम्ही "तू हीरो होशील" म्हणून चढवायचो, आणि तो बिचारा खरंच भांग पाडून फिरायचा.

माय लग्न होऊन आली त्या हिवाळ्यात बा तिला हौसेनं तंबूत घेऊन गेला होता. कुठं बसायचं ते तिनं पाहिलं आणि उभ्याउभ्याच परत फिरली. "उलटं पायण्यापरीस ऐकलेलं बरं," म्हणाली. "मागं नाई बसत मी." बा नंतर हे हसत हसत सांगायचा, पण मायला त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे. आम्ही पोरं तंबूत जायचो, तिनं कधी अडवलं नाही. स्वतः मात्र कनातीच्या आत पाऊल टाकलं नाही. पुढे दीक्षा घेतली, मागे बसणं नको म्हणून सगळ्यांनीच तंबू सोडला, मी गाव सोडल्यावर तर तंबूवाल्याशी भांडण करून पुढची जागाही मिळवली, तरी माय गेली नाही. एकदा मनातून उतरलं ते उतरलं.

पण सिनेमा तिला हवा असायचा, आणि तो तिला कापसाच्या वावरात मिळायचा. गिरजा आत्या म्हणजे बाची धाकटी बहीण, अकोल्याला दिलेली, नवरा जिनिंगमध्ये कामाला. वेचणीच्या दिवसांत ती माहेरी यायची आणि शहरात पाहिलेले सिनेमे सांगायची. सांगणारीला मधली ओळ द्यायची, बाकीच्यांनी तिच्या दोन्ही बाजूंनी तिच्याच चालीनं वेचत जायचं, म्हणजे शेवटच्या बाईलाही ऐकू येतं. बोलता बोलता सांगणारीचा हात मागे पडतो, म्हणून ओळ संपली की प्रत्येकीनं आपल्या कमरेला बांधलेल्या ओट्यातला पसाभर कापूस तिच्या ओट्यात टाकायचा. हा आमच्याकडचा रिवाज. ज्या दिवशी सिनेमा रंगला नाही त्या दिवशी पसे लहान पडायचे, आणि आत्या मग दुपारभर कोणाशी बोलायची नाही.

आत्याचे सिनेमे म्हणजे नुसतं रडणं. शिवाय ती दोन सिनेमे एकात मिसळायची. पहिल्या ओळीत मेलेला सासरा तिसऱ्या ओळीत पान खात बसलेला असायचा. माय मध्येच म्हणायची, "गिरजे, तो त मेला होता ना वं?" आत्या म्हणायची, "तुले काय करा लागते? वाचला मंग." आत्याच्या त्या वाचलेल्या सासऱ्यांना कंटाळूनच मायनं खिडकीच्या गजातून मला ते काम दिलं असेल, असं मला आता वाटतं.

अमरावती मला पहिल्या महिन्यात जराही आवडली नाही. होस्टेलच्या रेक्टर बाई पुण्याच्या. मी "मले भूक लागून राहिली" म्हटलं की त्या कपाळाला हात लावायच्या आणि मुली तोंडात पदर कोंबायच्या. मी लवकरच त्यांच्यासारखं बोलायला शिकले, कारण मला मास्तरीण व्हायचं होतं आणि परीक्षा त्यांच्याच हातात होती. मनात मात्र मी "मले"च म्हणत राहिले. माझ्या खोलीत दर्यापूरची कुसुम होती. घरची काळी जमीन, बैलजोड्या, गाद्या-गिरद्या, आणि स्वभावानं लोण्यासारखी. पहिल्या रात्री तिनं तिच्या डब्यातला चिवडा माझ्या ताटलीत ओतला आणि विचारलं, "तुला सिनेमा आवडतो का?" मी म्हटलं, "मी अजून सरळ पाहिलेला नाही." तिला वाटलं मी विनोद केला.

रविवारी दुपारच्या खेळाला रेक्टर बाई चिठ्ठी द्यायच्या. त्या पहिल्या रविवारी मी कुसुमबरोबर टॉकीजवर गेले. तिकीट घेतलं, दारावरच्या माणसानं फाडलं, आणि कोण, कुठली, काही न विचारता बायकांच्या बाजूला जा म्हणाला. बस्स. एवढंच. खुर्चीवर टेकले, दिवे गेले आणि पडद्यावर अक्षरं आली. सरळ अक्षरं! मला वाचता येत होती! हीरोनं उजव्या हातानं सिगारेट पेटवली आणि मी एकटीच खदाखदा हसत सुटले. कुसुमनं मला चिमटा काढला. सिनेमा अगदीच सुमार होता, पण त्या दिवशी मला कोणी नुसता पांढरा पडदा दाखवला असता तरी मी पाहत बसले असते.

पुढे मात्र माझे डोळे सरावले आणि जीभही सुटली. कुसुमला सगळंच आवडायचं, मला फारसं काही आवडायचं नाही, आणि आम्ही दोघी एकही खेळ चुकवत नव्हतो. शेतीवरचा एक सिनेमा तेव्हा फार गाजत होता. त्यात नायिका कापसाच्या वावरात नाचते. अहो, काय ती साडी, काय त्या बांगड्या! गिरक्या घेते, लोळते, बोंडं उधळते, आणि तिच्या पदराला एक काडी चिकटत नाही. बोंडाच्या वाळल्या टोकांनी आमच्या बोटांना जे ओरखडे पडतात ते चैत्रापर्यंत भरत नाहीत. हिची बोटं बघावी तर दुधाची! मी टॉकीजमध्येच मोठ्यानं म्हटलं, "हिला एक दिवस आमच्या वावरात पाठवा." मागच्या बाकावरच्या बायांनी टाळ्या पिटल्या. कुसुमच्या घरी गडी वेचत असले तरी ती हसली, पण बाहेर आल्यावर गाणं तेच गुणगुणत होती. गाणं चांगलं होतं, ते मीही कबूल केलं.

दिवाळीच्या सुटीत हिवरखेडला गेले तेव्हा वेचणी सुरू झाली होती. पहाटे माय म्हणाली, "चाल." मधली ओळ माझी. मी तो नाच सांगितला तर बाया हसून हसून ओळीतच बसल्या. वावराची मालकीण धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, छत्री धरून बसायची, आपण ऐकतच नाही असं दाखवायची. तिनंही शेवटी विचारलं, "पोरी, लुगडं कोणत्या रंगाचं होतं त्या नाचणारीचं?" सिनेमा काळापांढरा होता. मी ठोकून दिलं, डाळिंबी. ओळ संपली तेव्हा माझ्या ओट्यात आत्याला मिळायचा त्यापेक्षा जास्त कापूस होता, आणि आत्यानं ते पाहिलं.

एकदा मात्र मोठी फजिती झाली. मी एक पौराणिक सिनेमा पाहून आले होते. दीक्षेनंतर मायनं घरातले देव पाटीत घालून नदीला दिले होते, आणि घरात त्यांचं नावही निघत नसे. ती म्हणाली, "सांग, पन देव सोडून सांग." मी सांगायला लागले. राक्षस माजला, बरं. ऋषींची कुटी जाळली, त्यांचं पाळलेलं हरीण रानात पळालं, बरं. मग सगळे हात जोडून उभे राहिले. कोणापुढे? तो भाग सोडला. आकाशात वीज चमकली. कोणी चमकवली? सोडलं. राक्षस मेला. "कशानं मेला?" मायनं विचारलं. मी जरा विचार करून म्हटलं, "ताप आला." सगळं वावर हसलं. माय मात्र गंभीरपणे म्हणाली, "एवढ्यासाठी तिकीट काढलं तुनं? हरणाचं काय होतं ते सांग, ते बरं वाटलं." त्यानंतर मी पौराणिक सिनेमांच्या वाटेला गेले नाही.

आता ज्या सिनेमासाठी हे सगळं लिहायला बसले तो सांगते. ट्रेनिंगच्या दुसऱ्या वर्षी आला. त्याची नायिका चक्क मास्तरीण होती! आम्ही होस्टेलच्या झाडून साऱ्या पोरी गेलो. डोंगराजवळचं गाव, पडकी शाळा, उघडीनागडी लेकरं. ती येते, शाळा झाडते, लेकरांना धुते, शिकवते. मी खुर्चीच्या टोकावर बसले होते. मला वाटलं, हा आपला सिनेमा. मग धरण बांधायला एक इंजिनीअर येतो, लग्न होतं, आणि सासूला शाळा खटकते. एवढ्यात इंजिनीअर धरणावरून पडतो. ही दवाखान्यात नवस बोलते की हे वाचले तर मी शाळा सोडीन. आता पडला तो पाय घसरून, त्यात शाळेचा काय संबंध? पण वाचतो. ही राजीनामा देते. गाडी सुटते, लेकरं गाडीमागे धावतात, धावतात, धावतात. लगेच पुढे घर, पाळणा, हसरी सासू. समाप्त. सगळं थिएटर टाळ्या वाजवत होतं. कुसुम आनंदानं हुंदके देत होती. माझं डोकं असं फिरलं की परत येताना मी कुसुमशी बोलले नाही. "अगं, पण ती सुखी झाली ना?" ती काकुळतीला येऊन विचारत होती. मी म्हटलं, "मग दीड तास ती लेकरं धुतली कशाला?"

वावरात मी हा सिनेमा तसाच सांगितला, काही न बदलता, रागारागानं. शेवटाला आत्या डोळे पुसत होती. बाया म्हणाल्या, बाई शहाणी निघाली, संसार वाचवला. माय ओळ संपेपर्यंत वेचत राहिली, मग कंबर सरळ करून म्हणाली, "मंग त्या लेकराईचं काय झालं?"

"कोणत्या?"

"गाडीमागं धावली ते. वापस कोठी गेली ते?"

"माय, सिनेमात ते नसते," मी वैतागून म्हटलं. "गाडी गेली, संपलं."

"अर्धाच सांगतला तुनं," माय म्हणाली आणि पसाभर कापूस माझ्या ओट्यात टाकला. मला वाईट वाटलं, कारण मी एक अक्षर गाळलं नव्हतं.

ट्रेनिंग संपलं आणि मला दर्यापूरच्या मुलींच्या सरकारी शाळेत नेमणूक मिळाली. कुसुमचं तोवर लग्न होऊन ती नागपूरला गेली होती, पण तिच्या वडिलांनी ओळखीत मला खोली पाहून दिली. एका खिडकीची खोली, एक स्टोव्ह, एक कंदील, आणि माझी ट्रंक. मी स्वतःची कुलूपकिल्ली कमरेला लावून शाळेत जायचे तेव्हा मला कसं वाटायचं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. पहिलीच्या वर्गात माझ्यापुढे पोरी बसायच्या. काहींच्या डोक्यात तेल, काहींच्या डोक्यात धूळ. शेवटच्या रांगेत आमच्या लोकांच्या पोरी आपणहून जाऊन बसत. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना. मी पहिल्याच आठवड्यात रांगा मोडल्या आणि ज्या दिवशी जी आधी येईल ती पुढे बसेल असा नियम केला. दोघा पालकांनी येऊन कुरकुर केली. मी म्हटलं, तुमच्या पोरीला लवकर उठवा.

आणि मग आत्यानं स्थळ आणलं. मुलगा अकोल्याचा, आपल्याच समाजातला, कचेरीत कारकून, मॅट्रिक झालेला, निर्व्यसनी. खोटं कशाला बोलू, माणूस वाईट नव्हता. अट एकच होती, लग्नानंतर मुलीनं नोकरी करायची नाही. घरात म्हातारी सासू होती, आणि त्यांना दोन पगारांची गरज नव्हती. मी बाला स्पष्ट सांगितलं की मी शाळा सोडणार नाही. बा म्हणाला, "तुह्या मायले पसंत त मले पसंत." आणि मायला स्थळ पसंत होतं! मी दर्यापूरला एका खोलीत एकटी राहते या विचारानं तिला घास उतरत नव्हता. गावात बाया विचारत, पोरीचं काहून नाई करत? मी सुटीत जाऊन भांडले, रुसले, जेवले नाही. ती म्हणाली, "नोकरी काय जन्माले पुरते? माणूस पुरते." माझी सख्खी माय असं म्हणाली. मी त्या रात्री ठरवलं की अकोल्याला जाईन, सगळ्यांपुढे उभी राहीन आणि माझ्या तोंडानं नाही म्हणीन. मग मायनं बोलणं टाकलं तरी चालेल.

आत्याच्या घरी बैठक झाली. पोहे झाले, चहा झाला. मुलगा जरा नव्या विचारांचा, त्यानं सुचवलं की नुसतं बसून काय करायचं, तीनच्या खेळाला सगळेच जाऊ, चांगला फॅमिली पिक्चर लागलाय. आत्या खूश. कोणता पिक्चर म्हणून मी विचारलं आणि त्यानं सांगितलं तेव्हा मला हसावं की रडावं ते कळेना. अमरावतीचे सिनेमे फिरत फिरत उशिरानं अकोल्याला यायचे, आणि तोच आला होता. मास्तरणीचा.

माझं लक्ष मायकडे गेलं. ती नाही म्हणेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मागं बसा लागते का?" मुलाला काही कळलं नाही. मी म्हटलं, "नाही माय. समोर." ती पदर सारखा करून उठली.

टॉकीजमध्ये शिरल्यावर ती मधल्या वाटेत थांबली आणि पडद्याकडे पाहत राहिली. "त्याच्या मागं कोन बसते?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "कोणी नाही. मागं भिंत आहे." "पक्की भिंत?" "पक्की." मग ती बसली. बायकांच्या बाजूला मी, माझ्याशेजारी माय, तिच्या पलीकडे मुलाची आई, मग आत्या. बा आणि मुलगा पुरुषांच्या बाजूला. दिवे गेले तेव्हा मायनं माझं मनगट धरलं, मोटारीच्या खिडकीतून धरलं होतं तसंच.

मी त्या दिवशी सिनेमा पाहिलाच नाही. मी मायचं तोंड पाहत होते. पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर हलत होता. ती हसली नाही, रडली नाही. मास्तरणीनं शाळा झाडली तेव्हा तिनं मान डोलावली. इंजिनीअर पडला तेव्हा आत्या ओरडली, माय नाही. शेवट मला ठाऊक होता, आणि टॉकीजबाहेर पडल्या पडल्या मला बोलायचं होतं. मी शब्द जुळवत होते. राजीनामा दिला. गाडी सुटली. लेकरं धावायला लागली. टाळ्या सुरू झाल्या. मुलाची आई मायकडे झुकून म्हणाली, "पाहा, किती समजदार सून."

माय उभी राहिली. टाळ्यांपेक्षा मोठ्यानं, वावरात शेवटच्या ओळीतल्या बाईला हाक मारावी तशा आवाजात ती पडद्याकडे पाहून म्हणाली, "अवो, पन लेकराईचं काय झालं?"

टाळ्या थांबल्या. कोणीतरी हसलं, मग अर्धं थिएटर हसलं. पुरुषांच्या बाजूनं कोणी शीळ घातली. आत्या तिचा पदर ओढून राहिली होती, "बस न वं वहिनी, लोक पाहून राहिले!" माय बसली नाही. पडद्यावर पाळणा हलत होता. ती तशीच उभी राहिली, दिवे लागेपर्यंत.

बाहेर फाटकाशी सगळे जमले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मायच मुलाच्या आईला म्हणाली, "बाई, तुमचा पोरगा चांगला हाये. त्याच्यात खोट नाई. पन आमचं जमणार नाई."

"काहून? आता त सगळं ठरलं होतं!"

"ठरलं होतं. मीच ठरवलं होतं," माय म्हणाली. "पन ते लेकरं गाडीमागं धावली, अन् मंग कोनं पायलंच नाई त्याईकडं. माह्या पोरीपुढं लेकरं बसतात. तिनं शाळा सोडली त ते कोठी जातीन?"

"अवो, तो सिनेमा हाये!"

"हो ना. म्हणून त तीन घंट्यात निपटला."

बा माझ्याकडे पाहत होता. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि परत घातली. तो खूश असला की असंच करायचा. मी जुळवलेले सगळे शब्द तसेच राहिले आणि मी टॉकीजसमोर, भर रस्त्यात, मायच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडले. आत्या चार वर्षं आमच्याशी नीट बोलली नाही. तिचंही चुकलं नाही म्हणा, तिनं चांगल्या मनानं स्थळ आणलं होतं.

नंतर माझं लग्न झालं, ज्याला माझ्या शाळेची अडचण वाटली नाही त्याच्याशी झालं. तो दर्यापूरलाच एसटीत आहे. त्याला सिनेमात झोप लागते, एवढाच त्याचा दोष. मी महिन्यातून एकदा अकोल्याला जाऊन पाहून येते. आता सगळे रंगीत झालेत. परवाचाच सांगते. नायिका बर्फात पातळ साडी नेसून गाणं म्हणते, हीरोनं मात्र कोट घातलेला. तिला थंडी वाजत नाही का, हे कोणी विचारत नाही. मी विचारते. रंग आल्यामुळे सिनेमे सुंदर झालेत, शहाणे झालेले नाहीत. तरी मी जाणारच, कारण एखाद्या दिवशी कोणीतरी त्या धावणाऱ्या लेकरांच्या मागे कॅमेरा घेऊन जाईल याची मला अजून आशा आहे.

कोणी विचारतं, घर कुठलं? पूर्वी मी पटकन हिवरखेड म्हणायचे. मग दर्यापूर म्हणायला लागले आणि दोन्ही वेळा काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं. आता मला त्याचा घोर नाही. का नाही, ते सांगून संपवते.

गेल्या हिवाळ्यात माय पहिल्यांदाच दर्यापूरला आली. गुडघ्यांनी वेचणी सुटलीय तिची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तशी तीही निघाली. वर्गाच्या दारात उभी राहून तिनं सगळ्या पोरींवरून एकदा नजर फिरवली. त्या उठून उभ्या राहिल्या.

"ह्याच का त्या?" तिनं मला विचारलं.

"कोणत्या, माय?"

"त्याच वं. सिनेमातल्या. वापस कोठी गेल्या ते दाखवलंच नोतं."

मी होय म्हणून मान हलवली. पाहुणीसाठी म्हणून मी मागच्या भिंतीशी सतरंजी टाकायला गेले.

"मागं नाई बसत मी," माय म्हणाली. पहिल्या रांगेत, आधी आलेल्या दोन पोरींच्या मध्ये, गुडघे धरत धरत ती खाली बसली. पोरी सरकल्या. तिनं पदर सारखा केला आणि फळ्याकडे तोंड केलं.

"कर सुरू," ती म्हणाली. "अन् अर्धं नोको सांगू."